गावचं कडवं

उत्तममामा एस.टी.त कंडक्टर आहेत, पण ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी फारशी मनावर घेतली नाही. "पोटासाठी मशीन गळ्यात घालतो, माझं काम गाण्याचं हाय," असं ते कुणी न विचारताच सांगत. बीड-आष्टी रस्त्यावर त्यांची निम्मी हयात गेली. केस कुळकुळीत काळे केलेले, खाकी शर्टाच्या खिशात कंगवा, आणि ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर ठेवलेली हलगी. हलगीचं कातडं तापवल्याशिवाय ती बोलत नाही. जाळ करायला सवड नसली की मामा ती एस.टी.च्या इंजिनावर तापवायचे आणि कार्यक्रमाच्या गावी उतरताना ड्रायव्हरला म्हणायचे, "आज गाडी सुरात चालवलीस बे."

ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरच्या गावचे, आणि बीडमध्ये आमच्या घराला भिंत लागून त्यांचं घर, म्हणून मामा. त्या भिंतीतून मला लहानपणी पाढे कमी आणि गाणी जास्त ऐकू आली. त्यांचे वडील जलसा करायचे. जयंतीच्या मंडपात, खेड्यापाड्यांत गाणी म्हणून, सोंगं काढून लोकांना हसवता हसवता चार शब्द सुनावायचे. वडील गेले तेव्हा त्यांचा आवाज कुठंच राहिला नव्हता, साधी कॅसेटसुद्धा नव्हती. "माणूस गेलं की भिंतीवर फोटू लावता येतो. गाणाऱ्याचा फोटू लावून काय करावं?" असं मामा म्हणायचे. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकू येईनासंच झालं होतं. पुढं जे झालं त्याचं मूळ या दुखण्यात होतं, हे मला फार उशिरा कळलं.

'हंबरा बे' हे मामांचं नाटक. नाटक म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणीच, मधेमधे थोडं बोलणं. दुष्काळ पडलाय, गावातली बहुतेक जनावरं विकून झालीत, आणि मग चारा छावणी उघडते. छावणीत चारा आहे, पाणी आहे, डॉक्टरसुद्धा आहे, पण सगळं जनावरांसाठी. दादासाहेब नावाचा पुढारी तोड काढतो, की माणसांनीच जनावरं म्हणून भरती व्हायचं. कानाला बिल्ला अडकवायचा, चार पायांवर उभं राहायचं आणि तपासणीला आलेल्या ढोरांच्या डॉक्टरपुढं हंबरून दाखवायचं. ज्याचं हंबरणं पास, त्याला बादलीभर पाणी. सगळा गाव ताला-सुरात हंबरायला लागला की मंडपात लोक पोट धरून हसायचे. मग पाऊस पडतो, छावणी उठते, डॉक्टर म्हणतो जावा आता घरी, आणि दावणीवरून कुणी हलत नाही. बोलायचंच विसरलेले असतात. तिथं मंडप गप्प व्हायचा. कॉलेजात असताना मीही या कळपात होते, तांबडी गाय म्हणून.

या शेवटाच्या जरा आधी डॉक्टर, म्हणजे मामा, हलगी थांबवून विचारायचे, "ही छावणी कुठल्या गावची बे?" कळप त्या गावाचं नाव घ्यायचा आणि मामा एक कडवं म्हणायचे. ते कुठं लिहिलेलं नसे. दर गावाला नवं, त्याच गावात घडलेल्या गोष्टीवर, त्याच गावच्या माणसावर. आम्ही त्याला गावचं कडवं म्हणायचो. विषय त्यांना शोधावा लागत नसे. तिकीट काढता काढता त्यांना रस्त्यावरच्या प्रत्येक गावातलं सगळं कळायचं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे इथपर्यंत.

पण कडव्याचे नियम होते आणि त्या बाबतीत मामा फार कडक. ज्याच्यावर कडवं, त्याच्या घरी दुपारीच जायचं, चहा घ्यायचा आणि त्याच्याच पुढ्यात ते म्हणून दाखवायचं. तो नको म्हणाला तर नको. कडवं सुरू होण्याआधी लोकांना मोबाईल खिशात घालायला लावायचं. आणि एकदा म्हटलेलं कडवं पुन्हा दुसऱ्या गावात म्हणायचं नाही. "गावचं गावात ऱ्हायला पायजे," मामा म्हणायचे. "त्याच्याच लोकांत बसून त्यानं ऐकलं तर ते गाणं. दुसऱ्या गावात म्हणलं तर चहाडी."

एका गावात एक सासूबाई दोन्ही सुनांना पाणी मापून द्यायच्या. मामा विचारायला गेले तर बाईंनी उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतलं नाही. "माझ्या घरातलं पानी माझ्या घरात ऱ्हाऊ द्या, तुमचं तुमी बघा," म्हणाल्या. मग त्या रात्री मामांनी स्वतःवरच कडवं केलं. दुष्काळात बायको टँकरपुढं घागरी घेऊन भांडतेय आणि हा गडी डेपोत गाड्या धुवायच्या पाईपाखाली रोज साबण लावून आंघोळ करतोय. लोकांनी डोक्यावर घेतलं. मामी पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांना ही बातमी तिथंच कळली. पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून आम्हांला गाणं ऐकू आलं नाही, बाकी पुष्कळ ऐकू आलं.

एकदा एका पुढाऱ्यालाही विचारून झालं होतं. सार्वजनिक नळाचा पाईप त्यानं स्वतःच्या मोसंबीच्या बागेत वळवला होता. आपल्यावर गाणं म्हटल्यावर गडी खूश, म्हणाला, "म्हना की मामा, तुमाला कोन अडवतंय!" कार्यक्रमात तो पुढं खुर्चीत बसला. कडवं झालं आणि एकही माणूस हसला नाही, सगळे नुसते त्याच्याकडं बघत राहिले. त्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तो कुठल्याच कार्यक्रमात पुढच्या खुर्चीत बसला नाही, असं मामा छाती फुगवून सांगत. मला ते खरं वाटत नाही. पाईप तर आजही बागेतच आहे.

आणि भगवान. आष्टीच्या अलीकडच्या एका गावचा कोरडवाहू शेतकरी, मामांच्या गाडीचा नेहमीचा प्रवासी. खऱ्या दुष्काळात खऱ्या छावणीत त्याचा बैल आजारी पडला होता. घरी आई तापानं फणफणलेली. ती म्हणाली, मलाबी छावणीत ने, तिथं डाक्टर हाय म्हणत्यात. भगवान हसला आणि म्हणाला, "आये, तू काय ढोर हाय का?" आणि बैलाकडं गेला. बैलाला सलाईन लावलं, बैल उठला. संध्याकाळी घरी आला तर आई गेलेली होती.

हे त्यानं मामांना गाडीत शेवटच्या सीटवर बसून सांगितलं होतं. त्याच्या गावी नाटक ठरलं तेव्हा मामा त्याच्या घरी गेले, मीही बरोबर होते. कुठल्या घरात आपल्यासाठी कप कुठून निघतो यावर मामांची बारीक नजर असे. भगवानच्या बायकोनं घरच्यांच्याच कपात चहा दिला. मामांनी खाली बघत, जवळजवळ कुजबुजत कडवं म्हटलं:

बैलाच्या अंगाला लागलं सलाईन,
म्हातारी म्हनली, मीबी येईन.
लेक म्हनला, आये, हंबरून दाव,
हंबरल्याबिगर न्हाई छावनीत वाव.

भगवाननं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हना. माज्या तोंडानं मला सांगता येत न्हाई. तुमी सांगा."

कार्यक्रमात तो पुढंच बसला. कडवं झालं तसा तो हमसून हमसून रडायला लागला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग मागच्या कुणीतरी ठेवला. त्या गावानं त्याला नावं ठेवली असतील किंवा नसतील, पण त्या दिवशी गावानं त्याला जवळ घेतलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पुढं गाडीत तो पुढच्या सीटवर बसायला लागला, असं मामा सांगायचे.

पुढं मी मुंबईत मालिका लिहायला लागले. तिथं ओळख झालेल्या एका तरुण दिग्दर्शकाला मी 'हंबरा बे'बद्दल सांगितलं. तो बीडला आला, नाटक पाहिलं आणि मामांच्या पायाच पडला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. सिनेमा करायचं ठरलं. पटकथा माझी, डॉक्टरचं काम मामांचंच. मामांनी केसांना रंगाचा आणखी एक हात दिला.

नाटकाचा सिनेमा करताना रोज नवा वाद. दिग्दर्शकाला वाटलं, दावणीला थोडी खरी जनावरं बांधावीत. मामा म्हणाले, "खरी ढोरं दावली तर मानसं ढोरं कुनाला दिसतील?" हे त्याला पटलं. मामांच्या आवाजाचं मात्र जमेना. दिग्दर्शक म्हणायचा, "मामा, हळू. कॅमेरा हातभर अंतरावर आहे." मामा म्हणायचे, "आन् मागच्या मानसाला ऐकू कसं जावं?" मागं माणूसच नाही, हे त्यांच्या गळी उतरायला आठवडा गेला.

मग गावच्या कडव्याची पाळी आली. सिनेमात कुठल्या गावचं कडवं घ्यायचं? मामांनी आधी बरोबर मुद्दा काढला. "सिनेमाला गाव कुठं असतंय? ती जागा मोकळी ठिवा, नुस्ती हलगी वाजवू." दिग्दर्शक म्हणाला, मोकळी जागा लोकांना चूक वाटेल. मग आंघोळीचं कडवं करून पाहिलं. मंडपात डोक्यावर घेतलेलं ते कडवं कॅमेऱ्यापुढं अगदी पाणचट निघालं. मामी समोर नव्हत्या ना.

"मामा, सगळ्यांत जास्त शांतता कुठल्या कडव्याला झाली होती?" दिग्दर्शकानं विचारलं.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग खुर्चीत बसल्या बसल्या, हळू, कॅमेऱ्याला पाहिजे तशा आवाजात त्यांनी भगवानचं कडवं म्हटलं. लाईटची मुलंसुद्धा हातातलं काम टाकून उभी राहिली. कॅमेरामननं डोळे पुसले. मामांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा कसा फुलला ते मी विसरू शकत नाही. वडिलांचं जे राहिलं नव्हतं ते त्यांचं आता राहणार होतं.

घरी जाताना मी म्हटलं, "मामा, भगवानला विचारायचं ना?"

"एकदा इच्यारलंय की. तो म्हना म्हनलाय," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी पुन्हा विचारलं नाही. पटकथेचं माझं ते पहिलंच मोठं काम होतं आणि तो प्रसंग त्यातला सगळ्यांत चांगला होता.

सिनेमाचं कौतुक झालं. पण पूर्ण सिनेमा पाहिलेल्यांपेक्षा कडव्याचा तुकडा पाहिलेलेच जास्त. तो मोबाईलवरून मोबाईलवर फिरला. कुणी त्याला नाचायचं संगीत लावलं, कुणी म्हशीचं तोंड चिकटवलं. जिकडंतिकडं 'आये, हंबरून दाव' सुरू झालं. सिनेमात भगवानचं नाव नव्हतं, पण त्याच्या गावाला ठाऊक होतं, आणि गावाकडून ते आष्टीच्या बाजारात पोचायला एक आठवडी बाजार पुरला.

आणि मग तो दिवस, जो मामांनी मला एकदाच सांगितला. दुपारची आष्टीची गाडी, भरलेली. मधल्या सीटवर दोन कॉलेजची पोरं मोबाईलवर तेच लावून बसलेली. एकानं मामांना ओळखलं. "मामा, तुमीच ना हे?" सगळी गाडी वळून बघायला लागली. मामांना राहवलं नाही. मशीन छातीवर सरकवून त्यांनी तिथंच, मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हटलं, "लेक म्हनला, आये, हंबरून दाव!" सबंध गाडी हसली. पोरं हंबरली. आणि शेवटच्या सीटवरून कुणीतरी उठून घंटीची दोरी ओढली. भगवान होता. शेजारी त्याची मुलगी, पाठीवर दप्तर. बीडला क्लासला असायची, तिथली पोरंपोरी तिला बघून हंबरतात म्हणून तो तिला घरी घेऊन चालला होता. गाव अजून लांब होतं. बापलेक तिथंच माळावर उतरले.

"मी दार उघडलं," मामा म्हणाले. "माज्या हातानं उघडलं, प्रज्ञा. त्यानं माज्याकडं बघितलंबी न्हाई. पोरीनं बघितलं."

मामांनी दिग्दर्शकाला फोन केला, कडवं काढून टाका म्हणून. तो हळहळला, पण म्हणाला, आता कुणाच्याच हातात नाही. तो खोटं बोलत नव्हता. मीही त्याला फोन केला, पण खरं सांगायचं तर मामांना "केला होता" असं सांगता यावं, म्हणून. त्यानंतर मामांनी केस रंगवणं सोडलं. महिन्याभरात डोकं पांढरंफटक झालं. मी बीडला आले तेव्हा मामी मला म्हणाल्या, "ह्यांना जरा बोल गं माय. गाडीत सुट्टे घेताना बी लोकांकडं बघत न्हाईत म्हनं." भिंतीपलीकडं हलगी वाजेनाशी झाली. मला ती शांतता नको वाटायची आणि मुंबईला परत जायलाही पाय निघत नव्हता.

एक दिवस मामा म्हणाले, "चल माज्यासंगं. भगवानकडं जायचंय. त्याच्या गावात परत नाटक लावनार हाय. कडवं माज्यावर केलंय. मी काय केलं ते समदं हाय त्याच्यात. पन त्याचं नाव येतंय, म्हनून इच्यारायला जायचं."

आम्ही गेलो. भगवान अंगणात तुरीच्या तुऱ्हाट्या बांधत होता. बसा म्हणाला. चहाही आला. मुलगी दारातून आम्हांला बघून आत गेली. मामांनी हात जोडले, आणि मग कडवं म्हणायला तोंड उघडलं, तसा भगवान म्हणाला,

"नका म्हनू."

"ऐकून तर घे, दादा. माज्यावरच हाय. लई वंगाळ लिवलंय मी मला."

"म्हनूनच नको." भगवाननं हातातली तुऱ्हाटी खाली ठेवली. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "त्या टायमाला तुमी माज्यावर म्हनलं, गावानं ऐकलं, मी मोकळा झालो. खरंच झालो व्हतो. मग तुमी मला परत बांधलं, आन् ह्या खेपेला पोरीलाबी बांधलं. आता तुमी म्हननार, लोक रडनार, पाठीवर हात ठिवनार, आन् तुमी मोकळे. न्हाई मामा. तुमी ऱ्हावा असेच. मी ऱ्हातो तसे."

मामांचे जोडलेले हात तसेच राहिले होते. मी कपातल्या चहावर आलेल्या सायीकडं बघत बसले.

निघताना भगवान माझ्याकडं वळला. "तुमी पुस्तकात लिवता म्हनं."

मी म्हटलं, तुम्ही नको म्हणाल तर यातलं काहीच लिहिणार नाही.

"लिवा. पोरीनं लिवलेलं वाचावं कदी. माजं नाव बदला. पन आईचं बदलू नका." त्यानं मामांकडं पाहिलं. "तुमी मला समदं इच्यारलं व्हतं, मामा. बैलाचा रंग बी इच्यारला व्हता. तिचं नाव न्हाई इच्यारलं. गान्यात म्हातारी, सिनेमात म्हातारी. समद्या म्हाराष्ट्रानं म्हातारी म्हनून हसून घेतलं."

"काय नाव व्हतं?" मामांनी विचारलं.

"आता कशाला?" भगवान म्हणाला, आणि नाव मला सांगितलं. कौसाबाई.

परतीच्या गाडीसाठी आम्ही फाट्यावर बाभळीखाली उभे होतो. मी उद्या मुंबईला जाणार होते, हे मामांना सांगायचं राहिलं होतं. गाडी आली. कंडक्टर मामांच्या ओळखीचा होता. त्यानं दार उघडून हाक मारली, "या मामा, बसा फुडं. म्हना काहीतरी!" मामा वर चढले, पुढची मोकळी सीट ओलांडली आणि माणसांमधून वाट काढत, कुणाकडं न बघता, पार मागं जाऊन बसले.